आधी मिरच्या ओवाळा

किसुमू, आफ्रिका
ता. २० नोव्हेंबर १९३६

धानोऱ्याच्या विहीणबाई जसोदाबाई यांना नंदुरबारच्या गजराबाई शिंपिणीचा रामराम.

आगबोट बुडाली नाही, मी पोचले. खुशाल आहोत असं मात्र लिहीत नाही. एवढा समुद्र ओलांडून जाणारा कागद, वाटेत कोणाकोणाची नजर पडेल. जिते आहोत, एवढं धरा. अक्षर माझंच आहे. तिसरीत बापाने शाळेतून काढून मिरच्यांचे देठ खुडायला बसवलं, तेव्हा वेलांट्या तिथेच राहिल्या. तुमचे मास्तर पत्र ओट्यावर मोठ्याने वाचतात आणि अर्धं धानोरा ऐकतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून ओट्यावरच्या सगळ्यांनाच रामराम.

विहीणबाई, काय देश आहे हो हा! शी! तुमची लेक गेंदा आणि माझा उखर्डू पत्र्याच्या घरात राहतात. पुढे दुकान, मागे चूल. नाताळचा सण जवळ आला म्हणून झाडून सगळ्यांना नवे फ्रॉक पाहिजेत, त्यामुळे घरात चिंध्याच चिंध्या. काल माझ्या भाजीत काजाचा दोरा निघाला. मक्याच्या पिठाची भाकर थापावी तर तव्यावर जायच्या आधीच चिरते. केळी हिरवी असतानाच उकडतात आणि त्याचा लगदा ताटात थापतात. मी म्हटलं, हे बाळाने ओकलेलं आहे का कोणी रांधलेलं?

आणि तलाव! पलीकडचा काठ दिसत नाही. सकाळी पाण्यावरून काळा धूर उठला, मला वाटलं गाव पेटलं. धूर कसला, चिलटं! दारं लावेपर्यंत डाळीत, दुधात, गेंदाच्या कुंकवाच्या करंड्यात, माझ्या कानात. मी ओरडायला तोंड उघडलं तर तोंडात. शेजारची अकिनी म्हणून म्हातारी आहे, ती पोटभर हसली. तिने टोपली हवेत फिरवून ती चिलटं धरली आणि शेणाच्या गोवऱ्या थापाव्यात तशा त्यांच्या वड्या थापल्या. खायला! मग मी मिसरी लावायला बसले, तर माझे काळे दात आणि काळं बोट बघून तीच थुंकली. आता रोज सकाळी समोरासमोर बसून आम्ही एकमेकींना ओकारी आणतो. फार करमतं.

आपल्या दोघींच्या नातीचं, केसरचं, काय सांगू. शाळेला सुट्टी आहे. बारा पुरी झाली. काळी ठिक्कर पडली आहे. हाडं नुसती. दात वेडेवाकडे, डोक्यात उवा. अभ्यासात तर पहिल्या — जाऊ द्या, अगदी मठ्ठ आहे. थू थू.

उखर्डूने शब्द दिला आहे की पोर देशात वाढेल. मी तिला घेऊन येते. वैशाखात आखाजीच्या सणाला ती तुमच्या अंगणात झोक्यावर बसेल.

गजराबाई

◆

धानोरा, तालुका नंदुरबार
ता. १८ डिसेंबर १९३६

विहीणबाई गजराबाई यांना जसोदाबाईचा रामराम. लिहिणार मास्तर.

तुमचं पत्र ओट्यावर वाचलं. बायांनी नाकाला पदर लावले. चिलटांच्या वड्या आल्या तेव्हा माझा लेक हिरामण, त्याची सासू कालीबाई दोनदा उठून थुंकून आली. तुम्हाला तिचा स्वभाव माहीत आहे. सरपण धुऊन चुलीत घालते, दुधात माशी पडली तर मडकं फोडते. आता पोस्टमन दिसला की ओट्यावर ती सगळ्यांच्या आधी येऊन बसते. किळस येते म्हणते आणि पुन्हा वाचा म्हणते.

तुम्हाला हसू येत असेल, मला रडू आलं. पोर काळी पडली, हाडं दिसतात, उवा झाल्या. त्या घाणीत माझी नात राहते! तुम्ही डोळ्यांनी बघून लिहिता म्हणजे खोटं कसं म्हणू? मी हिरामणला म्हटलं, "बाबा, तू तिचा मामा आहेस, काहीतरी कर." त्याने केलं. आपल्या गावातच जागा बघितली आणि सुपारी फोडली. मिरच्या वाळवायची मोठी पथारी आहे, घरात माणसांना तोटा नाही. पोर काळी असली तरी चालेल म्हणाले. आखाजीनंतर लगेच उरकायचं.

मुलगा जरा थोरला आहे. बाकी मागाहून कळवते. तुम्ही लवकर आणा तिला. जावईबापूंना आशीर्वाद. गेंदाला म्हणावं, पाणी उकळून पी.

जसोदाबाई

◆

किसुमू
ता. १४ जानेवारी १९३७

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी पाय वर करून बसले होते. का, ते सांगते, ओट्यावरच्यांनी घास खाली ठेवावा. इथल्या फुफाट्यात एक किडा आहे. तो पायाच्या नखाखाली शिरतो, आत बसून फुगतो आणि अंडी घालतो. माझ्या अंगठ्याला खाज आली, मी चुना लावत बसले. अकिनीने बघितलं आणि उखर्डूची सुई घेऊन अंगठा उकरला. आतून पांढरी पिशवी निघाली, ज्वारीच्या दाण्याएवढी! ती मला दाखवत होती, मी डोळे मिटत होते आणि एक डोळा उघडून बघत होते. मग म्हटलं, दुसरा पायही बघ बाई. दुसऱ्यात काही निघालं नाही. मला उगीच वाईट वाटलं.

नाताळ झाला. आपल्या दारावर इतकी गर्दी की उखर्डू उभ्यानेच जेवला. केसरची सुट्टी मशीनवरच गेली. एका मडमेच्या फ्रॉकला तिने कॉलर लावली, ती बघून मडम म्हणाली — जाऊ द्या, वाकडीच लावली होती. रात्री गिऱ्हाइकांची मापं तीच वाचून दाखवते, इंग्रजीतून, आणि बाप ऐकत बसतो. मठ्ठ पोर. सायकल शिकली आहे. नदीतला घोडा म्हणून एक जनावर इथे तलावातून निघून लोकांच्या अंगणात चरायला येतं. त्याची लीद तिने मला सायकलवरून दाखवायला नेली. इतकी घाण मी जन्मात बघितली नव्हती. येताना पुन्हा बघितली.

आता तुमच्या पत्राचं. सुपारी फोडली म्हणता. मी ते दोनदा वाचलं. पथारी किती मोठी ते लिहिलंत, माणसं किती ते लिहिलंत, मुलाचं नाव नाही लिहिलंत. चांगल्या मुलाचं नाव पहिल्या ओळीत येतं, विहीणबाई. आणि जरा थोरला म्हणजे किती? मी अजून उखर्डूला काही बोलले नाही. गेंदा विचारते, "आईने काय लिहिलं?" मी म्हणते, पाणी उकळून पी, असं लिहिलंय.

नाव कळवा.

गजराबाई

◆

नंदुरबार
ता. १२ फेब्रुवारी १९३७

विहीणबाई,

हे पत्र मास्तरांच्या हातचं नाही. मी बाजाराला म्हणून नंदुरबारला आले आहे आणि तुमच्या शेजारच्या धनकंवरबाईंकडून, त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, लिहवून घेते आहे. दार लावलं आहे.

मुलगा म्हणजे पुंजू. कालीबाईचा थोरला. तुम्ही ओळखता. त्याच्या पहिल्या बायकोच्या तेराव्याला तुम्ही धानोऱ्याला आला होतात. पंगतीत पुरणाच्या मांड्यांवर तूप कमी पडलं म्हणून त्याने वाढणारीचा हात धरून ठेवला होता, तो तोच. त्याची बायको दिवस भरत आले तरी पथारीवर मिरच्या उलटत होती. खोकत होती. तिथेच पडली. हे गावात कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. तिची दोन लेकरं आहेत. कालीबाई म्हणाली, "काळी का असेना, हातनं काम करस ना? बस व्हयनं."

हिरामणने मला न विचारता हो म्हटलं. मी रडून सांगितलं म्हणूनच म्हटलं, हेही खरं. मला वाटलं, पोर तिथे मरते आहे. तुमचं पत्र ऐकून दुसरं काय वाटणार?

आता आम्हाला मोडता येत नाही. पुंजूची बहीण हिरामणच्या घरात नांदते. आम्ही शब्द फिरवला तर दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन जातील, आणि ती गरोदर आहे. जावईबापू तिकडून नाही म्हणाले तरी तेच होणार. कालीबाईच्या घरच्यांनी स्वतः होऊन मोडलं तरच सगळे सुटतील. ते कशाला मोडतील? फुकटची पोर मिळते आहे.

मला काही सुचत नाही. मी तुमच्यापुढे तोंड कसं दाखवू?

जसोदाबाई

मी, धनकंवर, यात माझ्याकडून एक घालते. जसोदाबाई लिहवताना सारख्या रडत होत्या. तुमच्या घराला कुलूप नीट आहे.

◆

किसुमू
ता. १६ मार्च १९३७

विहीणबाई, हे धनकंवरबाईंच्या पत्त्यावर टाकते आहे. दार लावूनच ऐका.

पत्र वाचलं आणि मागच्या अंगणात जाऊन खरीखुरी ओकले. चिलटं, केळी, पायातला किडा, सगळ्याची शी शी करत मी गेले चार महिने मजेत आहे. किळस मला आज आली. त्याचा तो तुपाने माखलेला हात मला अजून दिसतो.

चूक माझी तशी तुमची. तुम्ही इतक्या भोळ्या कशा? नातवंडाला कोणी चांगलं म्हणून लिहितं का? माझी आधीची दोन गेली म्हणून तुमच्या जावयाला मी उकिरड्यावर ठेवून उचलला आणि नाव उखर्डू ठेवलं. मग त्याच्या पोरीला मी सुंदर म्हणून लिहीन? तुम्ही गेंदाला लहानपणी काय म्हणायचात, आठवा. माकडतोंडी म्हणायचात. मी ऐकलं आहे.

रडणं पुरे. मास्तरांच्या पत्त्यावर याच टपालाने दुसरं पत्र येतं आहे. ते ओट्यावरच वाचलं जाऊ द्या. कालीबाईला पुढे बसवा. आणि ऐकताना हसलात तर तुमची शपथ.

गजराबाई

◆

किसुमू
ता. १६ मार्च १९३७

धानोऱ्याच्या विहीणबाईंना आणि ओट्यावरच्या सगळ्या मायबहिणींना रामराम. मास्तर, सावकाश वाचा, काही गाळू नका.

केसरचं लग्न कालीबाईंसारख्या निर्मळ घरात ठरलं हे ऐकून मी धन्य झाले. सरपण धुणारी सासू पोरीला कुठे मिळते? म्हणून पोरीच्या चार सवयी आधीच कळवते. मागून बोल नको.

शाळेला ईस्टरची सुट्टी लागते आहे आणि इथे पावसाची पहिली सर पडून गेली. सर पडली की वारुळातून पंखवाल्या वाळव्या निघतात. कुंबिकुंबी म्हणतात. रात्री वारुळाच्या तोंडाशी कंदील ठेवायचा आणि खाली परात. वाळव्या कंदिलावर येतात आणि परातीत पडतात, लठ्ठ, मऊ, वळवळ करणाऱ्या. अंगातून तेल सुटतं त्यांच्या. केसर परातीजवळ बसून राहते. ओंजळ भरायची, पंख फुंकायचे की तोंडात! एखादी ओठावरून चालत गालावर जाते, तिला बोटाने परत आत ढकलते. चावलं की पच् असा आवाज येतो. मी समोर बसून ऐकला आहे, कालीबाई. मग त्याच हाताने कणीक मळते. एकदा भाकरीत एक अख्खी निघाली, भाजलेली, पाय वर केलेली.

हात धू म्हटलं तर म्हणते, "तेल वाया जाईल, आजी."

पायातल्या किड्याचं मागे लिहिलंच आहे. तिला आता ते स्वतःच काढता येतात. सुईने अंड्यांची पिशवी काढते, सुई परकराला पुसते आणि त्याच सुईने फाटलेली चादर शिवायला घेते. उशीलाही तीच सुई. उंदीर मेला तर शेपटीला धरून तिला आधी त्याचे दात बघायचे असतात.

मी म्हटलं, "पोरी, सासरी अशी वाळवी मिळायची नाही." तर म्हणते, "भिंत उकरी लिसू." म्हटलं, "सासू काय म्हणेल?" तर काय म्हणावं? "सासूले बी खावाडसू!"

सासूलाही खाऊ घालायचं, पोरीच्या मनात इतकी माया आहे, हे ऐकून माझे डोळे भरून आले. तिने कालीबाईंसाठी एक डबा उन्हात वाळवून ठेवला आहे. मी येताना घेऊन येईन. वास येतो थोडा, पण सवय होते.

सगळ्यांना पुन्हा रामराम.

गजराबाई

◆

नंदुरबार, धनकंवरबाईंच्या दुकानामागून
ता. २० एप्रिल १९३७

विहीणबाई,

तुमची शपथ मोडली, हसले. पण पदर तोंडात कोंबून हसले, लोकांना वाटलं रडते आहे. बायांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मास्तर पच् या शब्दाशी थांबले. कालीबाई म्हणाली, "वाचा हो, थांबी का ऱ्हायनात?" भाकरीतली वाळवी आली तेव्हा तिने डोळे मिटले. मास्तर डब्यापर्यंत आले आणि ती ओट्यावरून उतरली ती थेट आमच्या निंबाच्या बुंध्याशी. पोटात होतं नव्हतं ते बाहेर पडलं.

तोरणमाळवरून मध नि चारोळी विकायला येणारी फुलीबाई तिथेच टोपली घेऊन बसली होती. तिने कालीबाईच्या डोक्यावर पाणी मारलं आणि सहज म्हणाली, "येवढं काय त्यात? आमी बी खातो. मीठ घालून भाजायची, झ्याक लागते." कालीबाई वर्षानुवर्षं तिच्याच हातची चारोळी घेते! विहीणबाई, ती पुन्हा बुंध्याशी वाकली. घरी जाऊन चारोळीचं मडकं फोडलं म्हणे.

संध्याकाळी पुंजू स्वतः सुपारी परत घेऊन आला. रागाने लाल. हिरामणला म्हणाला, "असली भुताटकी मन्हा घरमा नको." हिरामणने सुपारी ठेवून घेतली. आमची सून, पुंजूची सख्खी बहीण, आतल्या दारात उभी होती. तो गेल्यावर तिने मला ताक आणून दिलं. तिचे खांदे हलत होते. ती माझ्यासारखीच पदर तोंडात कोंबून उभी होती.

आता गावात कोणी केसरला मागणी घालणार नाही. घालू नये.

पण विहीणबाई, मी म्हातारी झाले. नात चार वर्षांची असताना बघितली होती, ती आगबोटीवर गेली ती गेली. ना तिचं तोंड मला आठवतं, ना तुमच्या पत्रातून कळतं. एकदा खरं लिहा. पोर कशी आहे?

जसोदाबाई

◆

किसुमू
ता. २५ मे १९३७

विहीणबाई,

आखाजी झाली. गेंदाने पडवीच्या आढ्याला दोर बांधून झोका केला होता. गाणी तुमच्या लेकीने म्हटली, खापर नव्हतं म्हणून मांडे उलट्या कढईवर केले आणि ते फाटले. अकिनीला एक दिला. तिने पुरण चाटून बघितलं आणि असं तोंड केलं की मला आमची चिलटं आठवली.

केसर इथेच राहील. उखर्डूला सगळं सांगितलं. त्याने मशीनचं चाक हाताने थांबवलं. मग म्हणाला, "आई, शब्द मी तुला दिला होता, आता तूच मला परत दे." दिला. पोर शाळेत जाईल. मीही दिवाळीपर्यंत राहते. या घाणीत कोणीतरी लक्ष द्यायला पाहिजे.

वाळव्यांचं विचारणार होतात, पण लाजून नाही विचारलंत. केसरने एकही खाल्ली नाही. तिला बघूनच मळमळतं. खाल्ल्या मी. अकिनीने ओंजळ पुढे केली, मी मिसरीची डबी तिच्यापुढे केली, दोघींनी एकदमच तोंडात घातलं. ती खोकली, मी नाही. लोणी लागतं हो, शेंगदाण्यासारखं. शी!

आता तुम्ही विचारलंत त्याचं. धनकंवरबाई, इथे थांबा. पुढची ओळ वाचू नका. आधी नंदुरबारच्या बाजारातल्या लाल मिरच्या आणा, चांगल्या तिखट, सोबत मूठभर मीठ. जसोदाबाईंच्या हातून या कागदावरून ओवाळून घ्या आणि चुलीत टाका. दोघींना ठसका लागू दे. डोळ्यांतून पाणी येऊ दे. आलं?

विहीणबाई, पोर गहूवर्णी आहे. दाट काळे केस, कमरेच्या खाली. वर्गात पहिली येते. हसली की तुमच्या गेंदाची खळी पडते आणि रागावली की माझ्यासारखी कपाळाला आठी. तिने लावलेली कॉलर त्या मडमेने हात फिरवून पुन्हा पुन्हा बघितली. रात्री पाय चेपताना मला विचारते, "आजी, धानोऱ्याची आजी दिसते कशी?" मी सांगते, अगदी वाईट.

पोर देखणी आहे.

आता पुन्हा मिरच्या टाका.

गजराबाई